उंबरठा उतरला! वाड्यातलं पॅनेल आता मागे झुकणार

मंडळी, गुजरातेतल्या ईडरच्या खडकावरच्या ‘उंबरठ्या’चं, म्हणजे आपल्याला अडवणाऱ्या चढाईच्या त्या एका चालीचं, कोडं सुटलं. चढायचं नव्हे, उतरायचं. आणि ते सुटल्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातलं सरावाचं प्लायचं पॅनेल मोडून पुन्हा बांधावं लागणार आहे. मागच्या नोंदीत ते साडेचार मीटरपर्यंत उंच करायचा बेत होता, तो गुंडाळला.

चाल तीच. डाव्या हाताला उभी कड, उजवा पाय कमरेएवढा वर त्या घसरड्या लेजवर (खडकातल्या अरुंद कट्ट्यावर), मग सगळं वजन पायावर नेऊन उभं राहायचं. चढताना व्ही २ (काठिण्याच्या मोजपट्टीवरची सोपी पायरी) च्या वर कुणी ग्रेड देणार नाही. उतरताना मात्र टॉप-रोपवर (वरून बांधलेल्या दोरावर) असूनही जो तो तिथेच सुटत होता. दोराशिवाय चढण्याबाबत आपला नियम ठरलेला आहे: दोरावर उलटी उतरता न आलेली चाल बिनदोराची चढायची नाही. हा काही आपला शोध नव्हे. ऑस्ट्रियाच्या पॉल प्रॉइसनं १९११ मध्येच मांडलं होतं की जेवढं उतरता येतं तेवढंच चढावं. तोही १९१३ मध्ये मांडलकोगेलवर एकटाच दोराशिवाय चढताना पडून गेला, तेव्हा नियम पाळला की जोखीम फिटली असं कुणी समजू नये. (हिरकणीच्या कथेतही खरं कौतुक उतरण्याचंच आहे, तेही अंधारात.)

आता घोळ कुठे होता ते.

पहिली अडचण नजरेची. डाव्या पायाचं खालचं फूटहोल्ड जवळजवळ ८० सेंमी खाली आहे आणि ते नेमकं स्वतःच्याच गुडघ्याआड जातं. वाकून पाहायला गेलं की वजन हलतं. दुसरी अडचण ताकदीची. एका पायावर हळूहळू बसत जाणं ही उठण्यापेक्षा वेगळी कसरत आहे. शेवटच्या वीतभर अंतरात मांडी सोडून देते आणि माणूस बसण्याऐवजी आपटतो. हे दोन्ही सरावानं सुटलं, तरी पाय सुटायचाच.

खरी भानगड तिसरी. उतरताना भीती वाटली की छाती आपोआप खडकाला चिकटते. उभ्या भिंतीवर ते बरोबरच, कंबर आत घेतली की हातांवरचा भार कमी होतो. पण उंबरठा स्लॅब आहे, उभ्यापासून साधारण २० अंश मागे कललेला. स्लॅबवर कंबर आत गेली की पायाचा जोर खडकात न जाता खडकाच्या बाजूनं खाली निसटतो. शिवाय टाच वर उचलली जाते, रबराचा स्पर्श अंगठ्यापुरता उरतो, आणि गेला पाय. वाड्यातलं पॅनेल शून्य अंशाचं, सरळ उभं. त्यावर जेवढा घाम गाळावा तेवढी ‘कंबर आत’ची खोड पक्की होणार, आणि ईडरला जाऊन तीच नडणार.

तोडगा हाताच्या तळव्यात निघाला. क्रम असा. उभं असतानाच उजव्या हातातला वरचा होल्ड सोडायचा. तळवा उजव्या पायाच्या शेजारी, लेजच्या कडेवर टेकवायचा, बोटं बाहेरच्या बाजूला, कोपर सरळ. कोपर वाकलं की सगळं दंडावर येतं, म्हणून हात ताठच. मग त्या तळव्यावर वजन देत कंबर मुद्दाम खडकापासून वीतभर बाहेर काढायची आणि उजवी टाच खाली दाबायची. डावा हात उभ्या कडेवर, पण ओढायचं नाही, फक्त अंग दारासारखं बाहेर उघडू नये एवढ्यापुरतं. आता डावा पाय खडकाला घासत खाली सोडायचा. पाय हवेत फिरवला तर तोल जातो, घासत नेला तर बूटच फूटहोल्ड शोधतो. तो सापडला की लगेच वजन द्यायचं नाही. आधी टाच खाली, मग पाव वजन, मग अर्धं, मग उजवा पाय मोकळा.

नजरेसाठी चॉकची (घामासाठी हाताला लावतात त्या पांढऱ्या पुडीची) एक आडवी रेघ फूटहोल्डच्या बरोबर वर नाही, तर डावीकडे हातभर अंतरावर ओढली, म्हणजे गुडघ्याबाहेरून दिसते. परतताना ब्रशनं पुसून टाकायची. ईडरच्या ग्रॅनाइटवर पांढरे पट्टे राहिले की पुढच्याला कोडं सोडवल्याचा आनंद मिळत नाही आणि गावकऱ्यांना आपण रंगवायला आलोय असं वाटतं.

त्या लेजच्या डावीकडची पापुद्र्यासारखी पातळ फ्लेक मात्र वापरू नका. बोटाच्या पेरानं ठोकली तर पोकळ वाजते. दोरावर ती टिकली म्हणून दोराशिवाय टिकेल असं गणित नाही. तिच्यावर जोर कुठल्या दिशेनं पडतो ते दर वेळी बदलतं. पावागडला दोराशिवाय बोल्डरिंगची (कमी उंचीच्या खडकांवरच्या चढाईची) मागणी होत असते, तिलाही माझं उत्तर तेच: तिथला ज्वालामुखी खडक जागोजागी भुसभुशीत, आणि चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या भिंतींना चॉक लावायचं नाव काढू नका.

पडण्याचं थोडं. तीन मीटरवरून निखळ पडलं तर जमिनीला लागताना वेग ताशी २८ किमीच्या आसपास, पाच मीटरवरून ३६, दहा मीटरवरून ५०. उंबरठ्यावर पाय तीनच्या थोडे वर असतात, म्हणजे खाली अंथरलेल्या पॅडचा (फोमच्या गादीचा) उपयोग आहे, पण भरवसा नाही. स्लॅबवर माणूस बाहेर पडत नाही, घसरत येतो, म्हणून पॅड खडकाला अगदी भिडवून. ओव्हरहँगची (बाहेर झुकलेल्या खडकाची) सवय असलेले ते दोन हात मागे टाकतात आणि माणूस मधल्या फटीत उतरतो. दोन पॅडच्या सांध्यावर घोटा मुरगळतो, तिथे वरून जुनी सतरंजी नव्हे, पातळ ईव्हीएची (घट्ट फोमची) शीट टाका. गादीवाल्याकडून फोम आणताना तो नुसता मऊ फोम गळ्यात मारतो. वर २५ मिमी घट्ट ईव्हीए आणि खाली १०० मिमी मऊ पीयू फोम, हाच क्रम. उलटा लावला की पाय रुततो आणि गुडघा फिरतो. स्पॉटरनं (खाली उभ्या साथीदारानं) झेलायचं नाही, अंगठे आत ठेवून कंबरेला दिशा द्यायची, डोकं आणि पाठ पॅडवर येईल एवढं पाहायचं.

डोक्याचा भाग वेगळा काढता येत नाही. अमेरिकन चढाईपटू ॲलेक्स होनोल्ड ३ जून २०१७ रोजी तिथला एल कॅपिटन हा कडा ३ तास ५६ मिनिटांत दोराशिवाय चढला, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी २०१६ मध्ये तो त्याच कड्याच्या सुरुवातीच्या, फ्रीब्लास्ट नावाच्या टप्प्यातल्या स्लॅबवरून माघारी फिरला होता, ते कमी जण सांगतात. पायावर विश्वास बसत नव्हता, एवढंच कारण. कठीण ओव्हरहँग नव्हे, स्लॅब! हाताला काही धरायला नसतं तिथे मनाला पाय पटवून द्यावे लागतात. म्हणून आपल्याकडे माघारीची जागा जमिनीवरूनच ठरवायची: उंबरठ्याच्या आधीची, दोन्ही पाय नीट टेकतात ती जागा. तिथे उभं राहून श्वास लांब होत नसेल, पोटरी थरथरत असेल किंवा चॉक लावूनही तळवा ओला असेल तर उतरायचं, चर्चा नाही. खालून ‘जा रे, होईल’ ओरडणाऱ्याला पुढच्या वेळी चहा मिळणार नाही.

आता पॅनेल. आठ बाय चार फुटांची शीट २० अंश मागे कलली की वरचं टोक साधारण ८३ सेंमी मागे जातं आणि उंची २.२९ मीटर उरते. वाड्यातल्या चौकात ते बसतं, तुळशीला धक्का लागत नाही. प्लाय आयएस ७१० मरीनच, १८ मिमी. साधा प्लाय बडोद्याच्या पावसाळ्यात कडेनं फुगतो हे मागच्या वर्षीच्या शीटनं दाखवलंच आहे. टी-नट (होल्डचे बोल्ट धरायला प्लायच्या मागे बसवतात ते) दातेरी आणू नका. बोल्ट पिळायची एलन की जोरात फिरवली की ते प्लायमध्ये गरगरतात आणि मागून पकड घेऊन हातोडीशी भांडावं लागतं. तीन स्क्रूंचे एम १० घ्या, थोडे महाग, पण एकदाच. पृष्ठभागाला बाहेरच्या भिंतीचा इमल्शन आणि चाळलेली बारीक रेती, लिटरला मूठभर. जास्त घातली तर रबर आधी जातं, कातडी नंतर.

आणि लिहिता लिहिता एक सुचतंय. पॅनेलच्या खालच्या अर्ध्या भागात हाताचे होल्डच नकोत. फक्त १५ ते २० मिमीच्या लाकडी पट्ट्या पायांसाठी, आणि हातांना नुसता तळवा टेकायची सोय. म्हणजे उतरण्याचा सराव करताना ओढायची संधीच मिळणार नाही. मग साडेचार मीटरचं लाकूड वाचतं ते या पट्ट्यांना लावू. कोन बदलता यावा म्हणून खाली बिजागरी लागेल, १० ते २५ अंश. दाराची बिजागरी हे वजन आणि वरून माणूस पेलणार नाही, त्यामुळे मागे टेकूही लागेल. कुणाच्या ओळखीत टेंपोच्या फाळक्याच्या जाड बिजागऱ्या काढणारा भंगारवाला असेल तर सांगा. जोडी पुरेल, पण पिना वाकलेल्या नकोत.