तुम्ही विचारलंत म्हणून: रिव्हॉल्व्हर ठीक, पण या डब्या कशाला?

कनेक्टिकटमधल्या आमच्या घरी आलेले पाहुणे काचेच्या कपाटापाशी थांबतात. जुनी रिव्हॉल्व्हरं पाहून होतात आणि मग प्रश्न येतो, "हे समजलं हो. पण या पितळी कुप्या, पकडीसारखी हत्यारं, छोट्या छोट्या डब्या कशाला जमवता?" उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतो.

ठासणीची बंदूक आपल्याला ऐकून माहीत असते. मी जमवतो ती पर्कशन रिव्हॉल्व्हरं त्याच कुळातली, साधारण 1836 ते 1870 या काळातली. सिलिंडरच्या, म्हणजे फिरणाऱ्या दंडगोलाच्या, प्रत्येक घरात समोरून बारूद घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती ठासायची. मागच्या निपलवर, म्हणजे पोकळ खुंटीवर, तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे कॅप, बसवायची. कॅपमध्ये पाऱ्याचं फल्मिनेट असे. घोडा पडला की दिवाळीतल्या टिकलीसारखी ती उडायची आणि ठिणगी आत जायची.

याचा अर्थ असा की नुसतं रिव्हॉल्व्हर हातात असून काहीच उपयोग नव्हता. मालकाला शिसं वितळवून गोळ्या ओतायला साचा लागे, बारूद ठेवायला कुपी, निपल काढायला पाना, कॅप ठेवायला डबी. कागदात बांधलेली तयार काडतुसं पुढे मिळू लागली, तरी साचा आणि कुपी पेटीत असायचीच. कोल्ट या अमेरिकन रिव्हॉल्व्हर कारखान्याच्या साच्यात बहुधा दोन खळगे असतात, एक गोल गोळीचा आणि एक टोकदार गोळीचा. कुपीची तोटी हेच तिचं माप. तोटीवर बोट ठेवून कुपी उलटी करायची, खटका दाबून सोडायचा, की एका बाराची बारूद तोटीत मोजून येते. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्सने अशा कुप्या काय सुबक केल्या आहेत! दीडशे वर्षांनंतरही काहींचा खटका सहज दाबला जातो. माझ्या लेखी ही कारागिरी रिव्हॉल्व्हरच्या तोडीची आहे.

धातूची काडतुसं आल्यावरही ही पद्धत इतकी का टिकली? निदान अमेरिकेपुरतं कारण पेटंट. अशा काडतुसांना लागणाऱ्या, आरपार छिद्राच्या, मागून भरायच्या सिलिंडरचं पेटंट 1855 साली रोलिन व्हाइटने घेतलं आणि त्याचे हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीकडे गेले. 1869 मध्ये त्याची मुदत संपेपर्यंत बाकीच्यांचे हात बांधलेले होते. सॅम्युएल कोल्ट तर 1862 मध्येच गेला. त्याचा हार्टफर्डचा कारखाना, निळ्या घुमटाचा, आमच्याकडच्या हमरस्त्यावरून आजही दिसतो.

इंग्रजी पेट्यांचा मला जास्त ओढा आहे, कारण त्यांचा आपल्याशी संबंध येतो. 1857 च्या सुमारास इंग्रज अधिकारी ॲडम्स किंवा ट्रँटरचं रिव्हॉल्व्हर बहुधा पदरच्या पैशाने घेऊन हिंदुस्थानात येत. ओक किंवा महोगनीची पेटी, आत हिरवं बनातीचं अस्तर, प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा. काही पेट्यांच्या झाकणाआड कलकत्त्याच्या मँटन कंपनीसारख्या दुकानाचं लेबल असतं. तेलाची बाटली, ईली कंपनीच्या कॅपची डबी, नळी साफ करायचा गज हे सगळं जागेवर असेल, तर त्या माणसाने ती वस्तू कशी सांभाळली, किती वापरली हे कळतं. एकट्या रिव्हॉल्व्हरवरून ते कळत नाही.

नेमकं हेच सामान आधी हरवतं. रिव्हॉल्व्हर जपलं जातं, साचा भंगारात जातो. मग विक्रेते इकडून कुपी, तिकडून डबी आणून "पूर्ण पेटी" तयार करतात. मला हे पटत नाही. अस्तरावर जुन्या वस्तूचा ठसा उमटलेला असतो. नवी आलेली त्यात बसत नसेल, तर तो कप्पा रिकामाच राहू द्यावा. तसंच पॉलिशचं. कोल्टच्या 1851 च्या नेव्ही मॉडेलच्या सिलिंडरवर 16 मे 1843 च्या काम्पेचेच्या नाविक लढाईचं चित्र उठवलेलं असतं, आणि घासून चकचकीत करणाऱ्यांनी किती चित्रं पुसून टाकली आहेत याला गणती नाही.

इथे अमेरिकेत 1898 पर्यंतची शस्त्रं केंद्रीय कायद्याने पुराणवस्तू धरली जातात. भारतात तसं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात नुसतं जुनं असून भागत नाही, दुरुस्त करूनही चालणार नाही असं ते असावं लागतं. वाड्याच्या माळ्यावर रिव्हॉल्व्हर सापडलं, तर आधी पोलीस ठाण्यात कळवा. पण लोखंडी किंवा पितळी पकड सापडली, उघडल्यावर जबड्यात दोन खळगे दिसले आणि वरच्या पट्टीवर कोल्टचं नाव असलं, तर ती गोळ्यांचा साचा आहे. मोडीत घालू नका.