दोन बंब

आजोळच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, नळीत चिपाडं नि गोवऱ्यांचे तुकडे, भोवती पाणी. त्यामुळे "बाजारात आग लागलीय, बंब आलाय!" असं मामा धापा टाकत सांगायला आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तोच उभा राहिला. तीन पायांवर दुडकत, तोटी सांभाळत बाजाराकडे निघालेला. मी तसं बोलूनही दाखवलं. पुढे कित्येक दिवस घरात त्यावर हशा पिकायचा.

आता वाटतं, माझं फारसं चुकलं नव्हतं. बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आलेला, म्हणजे पंप. आणि घोडे जुंपलेले जुने बंब वाफेवर चालत. गाडीवर उभा बॉयलर, त्याच्या पोटात कोळशाचा जाळ, भोवती पाणी; वाफ धरली की पंप फवारा मारणार. आग विझवायला जाताना आधी गाडीतच आग पेटवायची! आमच्या न्हाणीतल्या बंबाचा हा चुलतभाऊच की.

मुंबईला बंबाची निकड कळली ती पोळल्यावर. फेब्रुवारी १८०३ मध्ये किल्ल्यातल्या दाटीवाटीच्या बाजाराला आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. त्यानंतर तटाबाहेरची वस्ती वाढली. तरी आग विझवणं बराच काळ पोलिसांकडेच होतं. चोर धरून झाले की आग. १ एप्रिल १८८७ ला हे काम पालिकेकडे आलं (तारखेवरचा विनोद गिळतो), १८८८ च्या कायद्याने ते तिचं कर्तव्यच ठरलं. पुढे मोटारी आल्या, घोडे सुटले, बॉयलरही गेला.

बंबवाल्यांवर आपली एक म्हण आहे, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ती मी आता जपून वापरतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं. बंब वेळेवर आले होते, अगदी जवळ उभे होते. माणसं पाणी मारत असतानाच जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलला देशभर त्यांची आठवण काढतात.

आजोळचा बंब मी एकदाच पेटवला. दहा वर्षांचा असेन. चिपाडं छान धडाडली, मी फुशारून बघत बसलो. आजी मागून आली, तिने बंबावर बोटाची गाठ वाजवली. ठण्ण.

"मेल्या, आधी पाणी! सांध्यांचा डाख वितळेल की!"

आणि हातातली कळशी तिने वरून तशीच ओतली. न्हाणीघरभर वाफ.