फाळक्यावरची अक्षरं

जुन्या अमेरिकन पिकअपची ओळख पुढून नाही, मागून होते. पुढे असते जाळी, थोडं क्रोम, एखादा बिल्ला, पण फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दारावर बघा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्यातच दाबून वर काढलेली मोठाली अक्षरं. फोर्ड असेल तर चारच, ऐसपैस पसरलेली. शेवरोलेची इंग्रजीत नऊ, स्टुडबेकरची दहा, आणि इंटरनॅशनलवाल्यांची तर तेरा, म्हणजे जागा तेवढीच आणि माणसं वाढलेली. मागेच का, तर सिग्नलला मागे उभ्या असलेल्या माणसाला दुसरा काही उद्योगच नसतो, तो वाचणारच. फुकटची जाहिरात, तीसुद्धा ज्याने गाडीचे पैसे मोजले त्याच्याच गाडीवर. अर्थात नुसती जाहिरातच नाही. फाळका म्हणजे मोठा सपाट पत्रा, तसाच सोडला तर थरथरणार, डबडब वाजणार, त्यात उठाव काढले की पत्र्याला ताठपणा येतो. म्हणजे ती अक्षरं काम पण करतात, नाव पण सांगतात.

आमच्या इकडे अमेरिकेत, इंडियानात, उन्हाळा आला की दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो आणि मी तिथे बॉनेट उघडून इंजिन बघणाऱ्यांच्या घोळक्यात कधीच नसतो, मी आपला मागे फिरत असतो, फाळके वाचत. ही सवय लावली आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने. त्याच्याकडे शेवरोलेची 3100 आहे, अर्धा टन माल नेणाऱ्या वर्गातली, 1947 मध्ये आलेल्या त्या गोलसर ढंगाच्या मॉडेलातली, साडेसहा फुटी हौदा, हौद्यात लाकडी फळ्या आणि फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या, फाळका दोन्ही बाजूंनी साखळ्यांवर लटकणारा. गाडी त्याने सावकाश नवी केली आणि बाकी सगळं काम झाल्यावर अक्षरं रंगवायला घेतली. सगळ्यात शेवटी, कारण त्यावर चुकलं तर सगळ्यांना दिसतं, इंजिनात चुकलं तर फक्त ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं.

ह्यावरून मला आपल्याकडच्या ट्रकची मागची बाजू आठवते, आणि दोन्हीकडे मागे लिहायची इतकी हौस असून इतका फरक कसा काय, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. उत्तर एकदम साधं निघालं. शेवरोले काही आपल्याला परकी नाही, जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता, 1928 ला सुरू झाला आणि 1954 ला बंद, तिथे शेवरोलेच्या गाड्या, ट्रक जोडले जायचे. पुढे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज, डिसोटो आणि फार्गो अशी तीन नावं लावून ट्रक काढले, ट्रक म्हणाल तर एकच, बिल्ला वेगळा. पण आपल्याकडे साधारणपणे ट्रक घ्यायचा म्हणजे नुसती चासी घ्यायची, मग ती बॉडीवाल्याकडे न्यायची आणि तो लाकडाचा हौदा बांधणार, लाकडाचा फाळका लावणार. लाकडाला कुठली डाय (पत्रा दाबायचा साचा) आणि कुठली प्रेस! मागची पाटी कोरीच मिळायची, म्हणून पेंटर आला, आणि पेंटर आला म्हणून आईचा आशीर्वाद, गावाचं नाव, बुरी नजर वाले, हॉर्न ओके प्लीज, हे सगळं आलं. (त्या हॉर्न ओके प्लीजवर 2015 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने बंदी घातली, लोक ते वाचून उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. वाजवायचे थांबले का, हे तुम्ही घाटात जाऊन बघा.) अमेरिकेत मात्र हौदा बहुतेक कारखान्यातूनच यायचा, प्रेसमधून निघालेला, आणि कंपनीने मागची जागा आधीच बळकावून ठेवलेली. मालकाच्या हातात काय उरलं, तर रंग. तो पण आपल्या शब्दांना नाही, कंपनीच्या नावाला.

आता हे रंगवणं. लांबून वाटतं त्यात काय, उठावाची अक्षरं आहेत, लहान मुलांच्या चित्रकलेच्या वहीसारखं आत रंग भरायचा. जवळ गेलं की कळतं अक्षराला कडाच नाहीये. पत्रा दाबला की तो काटकोनात वळत नाही, गोलाई घेत चढतो, वर सपाट होतो, परत गोलाई घेत उतरतो. मग रंग थांबवायचा कुठे? वरच्या सपाटीवरच ठेवला तर अक्षर बारीक, उपाशी दिसतं. उतारावरून पार खाली आणला तर ते फुगतं, आणि दोन अक्षरांमधली जागा कमी झाली की लांबून सगळं लगदा. जुना रंग काढताना कोणी जास्त घासलेलं असलं, पोचे भरायला लांबी (पुट्टी) लावलेली असली, वर प्रायमरचे थर चढले असले तर उरलीसुरली गोलाई पण बुजते, मग तर आपणच ठरवायचं की अक्षर इथे संपलं. म्हणूनच मेळ्यात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी लागल्या तरी त्यांची अक्षरं सारखी नसतात. डाय एकच होती पण हात दोन.

पद्धती म्हणाल तर तीन बघितल्या. एक रोलरची, ती मला जादूच वाटते. छोटा, जरा घट्ट फोमचा रोलर घ्यायचा, रंगात बुडवून आधी पुठ्ठ्यावर फिरवत राहायचं, इतकं की रोलर जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, आणि मग अजिबात दाब न देता फाळक्यावरून फिरवायचा. फक्त उंच भागाला रंग लागतो. जरा दाबलात की फोम खाली वाकतो आणि खालच्या पत्र्यावर ठिपका. दुसरी टेपची, पण साधी कागदी टेप नाही, तीन मिलिमीटरची बारीक प्लास्टिकची टेप येते, ती ताणून O च्या किंवा C च्या वळणावरून नेता येते, कागदी टेपला तिथे चुण्या पडतात आणि चुणीतून रंग आत घुसतो. ही टेप रंग पूर्ण वाळायच्या आत काढायची, स्वतःवरच उलटी दुमडत, सावकाश. पूर्ण कडक झाल्यावर ओढली तर टेपबरोबर रंगाची कड पण फाटून येते. आणि तिसरी ब्रशची, सरळ हाताने, खारीच्या केसांचा लांब ब्रश आणि पाट्या रंगवणाऱ्यांचा वन शॉट नावाचा इनॅमल. चुकलं तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, खालचा रंग मुरलेला असेल तर त्याला काही होत नाही, वरचं ताजं तेवढं पुसलं जातं. शेजाऱ्याने ब्रशच घेतला. रोलरने फक्त माथा रंगतो आणि टेपने कड फार सरळ येते असं त्याला वाटतं, आणि मला ते पटतं.

रंग कुठला, ह्यावर तर भांडणं होतात. अक्षरं बॉडीच्याच रंगात ठेवावीत म्हणणारे वेगळे, पांढरी करणारे वेगळे, आणि पांढरा म्हणजे तरी कुठला, फोर्डवाल्यांचा विम्बल्डन व्हाइट घेतला तर तो क्रीमकडे झुकतो, शेजारी शुद्ध पांढरं ठेवलं की ते निळसर वाटायला लागतं. शेवरोलेवर फोर्डचा पांढरा लावायचा हे तर धर्म बाटवण्यासारखं मानणारी माणसं मी प्रत्यक्ष बघितलीयत, चांगली शिकलेली. व्हायनलची तयार कापलेली अक्षरं पण मिळतात, तासाभरात चिकटवून मोकळे. पण ती पडतात फक्त माथ्यावर, उताराला हात लावत नाहीत, लांबून बघितलं की कुणीतरी नाव लिहून वर लेबल लावल्यासारखं दिसतं. मला नाही आवडत. हल्ली ही उठावाची फॅशन परत आलीय, 2019 च्या सिल्व्हराडो पिकअपला शेवरोलेने फाळक्यावर नाव पुन्हा पत्र्यात दाबलं, आणि लगेच बाजारात त्यात बसवायचे प्लास्टिकचे तुकडे आले. म्हणजे ब्रशवाल्याला तिथेही काम नाही.

पण नावात रंग भरायचा की नाही हे मालकाच्या हातात असल्यामुळे एक गंमत झालीय. जुन्या टोयोटा पिकअपवाल्यांनी इंग्रजी नावातली पहिली दोन आणि शेवटची दोन अक्षरं बॉडीच्या रंगात बुडवून टाकली की मधे राहतं नुसतं 'यो'. हे इतकं पसरलंय की रस्त्यावर दिसलं तरी आता कोणी वळून बघत नाही. कंपनीने अख्खा फाळका घेतला तरी शेवटी पोरांनी त्यातून आपल्याला हवं ते काढलंच, आपला पेंटर असता तर त्याने टाळी दिली असती.

शेवरोलेत असं काही निघतं का, हा विचार आम्ही कोणी केला नव्हता. म्हातारबुवांनी डावीकडून सुरुवात केली, हिरव्या बॉडीवर क्रीम रंग, C झाला, H झाला, E झाला, सुंदर झाले, आणि दुपारी जो पाऊस लागला तो लागलाच, हवेत इतका दमटपणा की इनॅमल वाळेना, काम थांबलं. गाडी मात्र त्याला रोज लागते. त्यामुळे आमच्या ह्या कट्टर रिपब्लिकन गावात, कुत्र्याचं खाणं आणायला, हार्डवेअरच्या दुकानात आणि रविवारी चर्चला, फाळक्यावर ठळक 'चे' (तोच, क्रांतिकारक चे गव्हेरा) लिहिलेली पिकअप फिरत होती. बायकोने सांगेपर्यंत त्याला पत्ता नव्हता की शेजारचा कॉलेजातला पोरगा आपल्याला रोज मूठ वर करून सलाम का करतोय.