दगडांची वही: फोर्ट, तिसरा रविवार

मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारती कुठल्या दगडाच्या, ते मी दर रविवारी वहीत टिपतो. आधी चुकीची कबुली. मागच्या खेपेला काळा घोड्याला भिंत पिवळसर दिसली की मी बिनधास्त ‘पोरबंदर’ लिहून मोकळा होत होतो. डेव्हिड ससून वाचनालय (१८७०) चक्क मालाडच्या दगडाचं आहे. पोरबंदरचा दगड म्हणजे चुनखडी. मऊ, कोरायला सोपा, म्हणून नक्षीकामाला मागवायचे. मालाडचा ट्रॅकाइट, ज्वालामुखीतला. ती ओळ खोडली.

या रविवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची ही इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे संग्रहालय उघडलं थेट १९२२ मध्ये. सगळे घुमटाचे फोटो काढतात, मी मात्र भिंतीला नाक लावून उभा. सुरक्षारक्षकाने हटकलंच.
“काका, काय शोधताय?”
“दगड.”
“मग काय, सगळे दगडच आहेत की!”

खरं तर दोन आहेत: कुर्ल्याचा करडा बेसाल्ट (लाव्हा थंड होऊन झालेला दगड) आणि मालाडचा पिवळसर. उन्हात दोन्ही धुळीने सारखेच मळकट दिसतात. नशिबाने एक सर येऊन गेली. बेसाल्ट भिजून शाईसारखा काळा झाला आणि शेजारचा मालाड हळदीचं बोट लावल्यासारखा उठून दिसायला लागला. अर्धा तास तिथेच गेला. फोर्ट बघायचं तर पावसाळ्यातच बघावं, हे माझं ठाम मत. छत्री मात्र नको, वर बघता येत नाही.

वहीत ऐटीत नियम लिहिला: करडा तो कुर्ला, पिवळा तो मालाड.

हा नियम जीपीओपर्यंतच, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयापर्यंतच टिकला. जॉन बेगची इमारत, १९१३ ची; घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा, त्याबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे. दगड तीन: काळा बेसाल्ट, गुजरातेतल्या ध्रांगध्र्याचा पांढरा आणि पिवळा कुठला, तर कुर्ल्याचा! राजाबाई टॉवरचा बदामी दगडही कुर्ल्याचाच. म्हणजे एकाच गावच्या खाणींतून दोन रंग. ‘रंग’ हा रकाना आता पेन्सिलीनेच भरणार.

पुढच्या रविवारी टाऊन हॉल (एशियाटिक सोसायटीची इमारत), १८३३ चा. पायाखाली अख्खा बेसाल्ट असताना त्याच्यासाठी दगड इंग्लंडहून जहाजातून आणला होता. त्याला वहीत वेगळं पान.