पाचशेची रेघ

बाळंतिणीच्या अंगावरून किती रक्त गेले हे आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयात वर्षानुवर्षे नजरेनेच ठरत आले आहे. चादर, कापडाचे बोळे आणि टेबलाखालची बादली पाहून वरिष्ठ जो आकडा सांगतात तो केसपेपरवर चढतो, आणि पहिलटकरीण असो वा चौथी खेप असो, तो बहुधा अडीचशे मिलिलिटरच असतो. मापाच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे ड्रेप, म्हणजे बाळंतिणीखाली पसरायची आणि टोकाच्या पिशवीत रक्त गोळा करणारी चादर, आमच्याकडे आल्यापासून हा अडीचशेचा आकडा मोडीत निघाला. त्यातून जे घडले त्याचा उलगडा मला अजून नीट झालेला नाही.

ती दुसरटकरीण होती आणि तिचे हिमोग्लोबिन ८.६ होते. पहाटे बाळ सुखरूप झाले, मिनिटाच्या आत तिच्या मांडीत गर्भाशय आकुंचित करणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिट दिले गेले आणि वारही पूर्ण पडली. ड्रेप बाळ बाहेर आल्यानंतरच कंबरेखाली सरकवायचे असते, कारण ते आधी पसरले तर गर्भजल त्यात उतरते आणि आकडा फसवा ठरतो. शिवाय त्याचे निमुळते टोक टेबलाच्या कडेवरून मोकळे लोंबले पाहिजे, नाहीतर रक्त घडीत अडकून राहते. आमच्या सिस्टर हे इतक्या सफाईने करतात की नव्या डॉक्टरांना मी त्यांच्या शेजारी उभे करते.

थोड्याच वेळात त्या म्हणाल्या, "सर, पाचशेची रेघ ओलांडली." पाचशे मिलिलिटर रक्त गेले की तो प्रसूतिपश्चात रक्तस्राव, म्हणजे 'पीपीएच', धरला जातो.

प्रसूती करणारे आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो सिस्टर, एवढे जातेच. नाडी ९६ आहे, रक्तदाब ११०/७० आहे. घाई कशाला?"

सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी ड्रेपवरच्या खुणेवर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने गर्भाशय चोळायला सुरुवात केली. प्रसूतिकक्षात धोका सर्वांत आधी परिचारिकेला दिसतो आणि तिच्यावर विश्वास सर्वांत शेवटी ठेवला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या दिवशी मात्र छापील रेघ त्यांच्या बाजूने होती.

पूर्वी आम्ही एक उपाय करून वाट पाहायचो आणि मग दुसऱ्याकडे वळायचो. आता चोळणे, ऑक्सिटोसिनचे सलाईन, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, मूत्राशय रिकामे करणे आणि योनिमार्ग व गर्भाशयमुखाची तपासणी हे सर्व एकदमच सुरू होते. गर्भाशय घट्ट झाले तरी लालभडक धार थांबेना. तपासणीत गर्भाशयमुखाला डाव्या बाजूला फाट सापडली, आणि तोवर नाडी १२४ वर गेली होती. फाट शिवण्यात सरांचा हात कोणी धरणार नाही. दिव्याची मान कायम खाली पडत असल्यामुळे मावशी तो धरून उभ्या होत्या, आणि अशा स्थितीत सरांनी फाटीच्या टोकाच्याही वर पहिला टाका अचूक घेतला. ड्रेपमध्ये एकूण ८५० मिलिलिटर भरले. तिला रक्ताची एक पिशवी द्यावी लागली, पण जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले नाही.

यात नवे काही नाही, म्हणूनच अधिक वाईट वाटते. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी असे ड्रेप वापरून केलेली तुलना २००६ सालीच प्रसिद्ध झाली होती, आणि तीत नजरेचा अंदाज मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी भरला होता. २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांतील अभ्यासात, ड्रेप व एकत्रित उपचार वापरणाऱ्या रुग्णालयांत प्रसूतिपश्चात रक्तस्रावाच्या ९३ टक्के घटना वेळीच ओळखल्या गेल्या, तर नेहमीच्या पद्धतीत जेमतेम निम्म्या.

आमच्या नोंदवहीतही तेच घडले. 'पीपीएच'च्या रकान्यातील आकडा चढला, आणि जिल्ह्याच्या मासिक बैठकीत आम्हाला लेखी खुलासा मागण्यात आला. २०१७ पासून केंद्र सरकारच्या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या 'लक्ष्य' कार्यक्रमामुळे प्रसूतिकक्षांच्या फरशा, पडदे आणि फायली खरोखरच सुधारल्या आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु फाइल वाचणाऱ्याला चढलेला आकडा म्हणजे ढिसाळ काम एवढेच कळते. खुलाशात मी लिहिले की रक्तस्राव वाढलेला नाही, तो मोजला जाऊ लागला आहे, आणि 'किती बायकांना रक्तस्राव झाला' याच्या शेजारी 'त्यांपैकी किती जणींना रक्त द्यावे लागले, किती जणींना पुढे पाठवावे लागले' असे रकाने असावेत. रकाने अजून आलेले नाहीत.

त्या बैठकीत शेजारच्या तालुक्यातील रुग्णालयाचे 'पीपीएच'चे प्रमाण कमी असल्याबद्दल कौतुक झाले. त्यांनाही आमच्याबरोबरच ड्रेप मिळाले होते. चहाच्या वेळी मी तेथील सिस्टरांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की खोकी भांडारातच आहेत. ती उघडायची की नाही याचा निर्णय साहेब आमचा खुलासा मंजूर होतो की नाही हे पाहून घेणार आहेत.