सोंडेवरची वाट, हंगाम तिसरा: आधी पाणी, मग पायऱ्या

पावसाळा सरल्यावर मावळातल्या गडाच्या या सोंडेवरची (खाली उतरत जाणाऱ्या डोंगरधारेवरची) वाट तळापासून पदरापर्यंत, म्हणजे कड्याखालच्या सपाटीपर्यंत, चालून मोजली. गेल्या हंगामात घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, बसवलेल्या ३८ दगडी पायऱ्यांपैकी ७ निखळल्या आहेत, आणि सातही एकाच पट्ट्यातल्या. त्या पट्ट्याच्या वर २२ मीटरपर्यंत वाटेवरचं पाणी बाहेर काढणारी एकही जागा नव्हती. दगड पुरेसे मोठे होते, बसवलेही नीट होते. पण वरून आलेलं पाणी पायरीच्या पाठीमागे शिरलं, मुरूम धुऊन गेला, दगडाखाली पोकळी झाली आणि शनिवार-रविवारच्या राबत्यात तो डुगडुगून सुटला. म्हणून या वेळी कामाचा क्रम उलटा ठेवला.

घाटमाथ्यावर जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. महाबळेश्वरची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आहे. त्यामुळे परदेशी पुस्तिकांमधली पाणी काढण्याची अंतरं इथे जशीच्या तशी लावू नयेत, बरीच कमी करावीत. दुसरी गोष्ट आपल्या डोंगराच्या घडणीची. कठीण बेसाल्टच्या दोन थरांमध्ये सच्छिद्र, ठिसूळ थर असतो, काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा. कातळ टिकतो, मधला थर झिजतो, आणि वाट तिथेच घळीसारखी खोल जाते. गडाची वाट पाहायला गेलात तर आधी हे तांबडे पट्टे शोधा. निम्मं काम तिथेच असतं.

चढ अंदाजाने ठरवू नका. १० मीटरपेक्षा बरीच लांब पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन काठ्यांना बांधली की १० मीटर आडव्या अंतरात किती चढलो ते कळतं. १ मीटर म्हणजे १० टक्के. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीला येतं का ते बघून घ्या. नवी आडवी वाट आखायला पाणलोटाच्या कामातला ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) पुरतो. समतल चर आखणारे गावकरी तो आपल्यापेक्षा भरभर वापरतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी राहिला, तर पाणी वाट ओलांडून खाली जातं. जास्त झाला की ते वाटेवरूनच धावतं. सोंडेच्या धारेवरून नाकासमोर चढणाऱ्या वाटा दर पावसाळ्यात खचतात त्या यामुळेच.

पाणी काढायचे दोन प्रकार केले. १५ टक्क्यांपर्यंतच्या चढावर मातीचा खोलगट उतार: ३ ते ४ मीटर लांब, मध्ये १५ ते २० सेंटिमीटर खोल, तळ बाहेरच्या बाजूला कललेला आणि खालच्या अंगाला दाबून बसवलेला मुरमाचा उंचवटा. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही, त्यामुळे कुणी बाजूने वळसा घालत नाही. मला हाच प्रकार सर्वांत आवडतो. त्याहून उभ्या चढावर दगडांचा तिरका बांध घातला. तो वाटेशी साधारण ४५ अंशात असावा. काटकोनात घातला तर पाणी अडून गाळ साचतो आणि एक-दोन जोरदार सरींत पाणी वरून उडी मारतं. प्रत्येक दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. वरचं टोक डोंगराच्या बाजूला हातभर आत गाडायचं, खालचं वाटेच्या बाहेर न्यायचं आणि त्यापुढे किमान १ मीटर चर मोकळा ठेवायचा. १० टक्के चढावर १५ मीटरला एक, १५ टक्क्यांवर १० मीटरला, २० टक्क्यांच्या वर ५ ते ६ मीटरला, असं अंतर धरलं. आतापर्यंत ९ खोलगट उतार आणि १४ तिरके बांध झाले.

वेळापत्रक पाण्यावरच बेतावं लागतं. कोरडा मुरूम कितीही चोपला तरी बसत नाही. म्हणून मातीकाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमिनीत ओल असताना उरकायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी दगडकाम. मार्चपासून उन्हाचा तडाखा आणि वणव्याची भीती, तेव्हा फक्त साफसफाई आणि मोजमाप.

पायऱ्या खालून वर बसवायच्या, वरून खाली कधीच नाही. सगळ्यांत खालचा दगड जमिनीत पुरता गाडलेला असतो आणि वरचं वजन त्याच्यावर येतं. वरच्या प्रत्येक पायरीची पुढची कड खालच्या पायरीच्या मागच्या ८ ते १० सेंटिमीटरवर टेकली पाहिजे. उंची १५ ते २० सेंटिमीटर, पाऊल ठेवायची जागा किमान ३० सेंटिमीटर आणि पृष्ठभाग पुढे किंचित उतरता, म्हणजे पाणी साचून शेवाळ धरत नाही. पायरी २५ सेंटिमीटरपेक्षा उंच झाली की लोक, विशेषतः उतरताना, कडेच्या मातीवरून जातात आणि शेजारी नवी घळ तयार होते. कडेला आडवे-तिडवे मोठे दगड रोवून ती जागा चालायला अडचणीची करावी. दगडाखालच्या फटींत डबर (ओबडधोबड फुटके दगड) आणि चिपा ठोकून भरायच्या, माती नाही. बसवलेल्या दगडावर एकाने कोपऱ्याकोपऱ्यावर उड्या मारून पाहायचं. जरासा हलला तरी काढून पुन्हा बसवा.

६० बाय ४० बाय २० सेंटिमीटरचा बेसाल्टचा दगड सुमारे १४० किलो भरतो. त्याला तीन पहारी, चार माणसं आणि सरकवायला दोन ओंडके लागतात. उचलून नेण्याचा हट्ट करू नये. बोटं चेंगरतात ती उचलताना नव्हे, ठेवताना. दगड पालथा करताना पहारीने अशा बाजूने उचला की फट आपल्यापासून दूर उघडेल. खाली विंचू किंवा फुरसं असण्याची शक्यता नेहमीच असते. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या आसपास घणाचं काम, धूर आणि अत्तर तिन्ही टाळा.

खालच्या बाजूचा आधाराचा बांध कोरड्या दगडांचा, ११ मीटर पूर्ण. दर ६० सेंटिमीटर उंचीला १० सेंटिमीटर आत झुकाव, पायाचे दगड डोंगराकडे कललेले, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही आणि साधारण मीटरभर अंतरावर आत खोलवर जाणारा एक लांब दगड. मागे फक्त डबर. माती भरली की ती पावसात फुगून बांध ढकलते. सिमेंटचा मोह इथेच होतो. सिमेंटने पाण्याच्या वाटा बुजतात, आत दाब वाढतो आणि भिंत एकसंध कोसळते.

दगड आणायचे ते घसाऱ्यातून सुटलेले, वाटेपासून दूरचे. ढासळलेल्या तटाचा एकही दगड, अगदी हाताएवढा चिरासुद्धा, हलवायचा नाही. तो पडला आहे त्याच जागी पुरावा आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत पुरातत्त्व खात्याची आणि वनजमिनीवर वनखात्याची लेखी परवानगी कुदळ लावण्याआधी हातात हवी. गावच्या वन व्यवस्थापन समितीशीही आधी बोलून घ्या. ढोरवाट कुठे ओलांडते हे त्यांनाच माहीत असतं, आणि ती अडवली तर गुरं तुमचा बांध महिनाभरात पाडतात.

वळणांवरचे ४ शॉर्टकट बंद केले. नुसती काटेरी फांदी टाकून भागत नाही, ती उन्हाळ्यात कुणी ना कुणी सरपणाला नेतो. घळीत दर २ मीटरला छोटे दगडी बंधारे घातले, म्हणजे गाळ साचून गवत धरेल. तोंडाशी, वरून आणि खालून दिसतील असे, पाऊल ठेवता येणार नाही इतके ओबडधोबड दगड रचले. जूनच्या पहिल्या पावसात तिथे करवंद लावायची आहे.

बाकी काम: तांबड्या पट्ट्यातल्या ७ पैकी ३ पायऱ्या, तिसऱ्या वळणावरचा अडीच मीटर रुंदीचा ओटा आणि त्याच्या वर आणखी दोन तिरके बांध. त्यानंतर पहिल्या दोन-तीन सरी झाल्या की एक फावडं घेऊन सगळे चर मोकळे करायची फेरी, कारण उन्हाळ्यात पडलेला पालापाचोळा पहिल्याच पाण्याबरोबर तिथे अडकतो. दुसरी फेरी ऑगस्टमध्ये. पाऊस चालू असताना गेलात तर पाणी वाटेवर कुठे चढतं आणि कुठे उतरतं ते तिथेच कागदावर टिपून आणा.