वाटीतलं पाणी

दोरी ओढून हात भरून आले, तरी होडीचं जुनं टू-स्ट्रोक मशीन फटफट करून बंद. मालवणच्या मिस्त्रीकाकांनी प्लगला हातही लावला नाही. कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी सोडवली, काचेच्या ग्लासात ओतली. वर ऑइल मिसळलेलं पेट्रोल, खाली पाण्यासारखा वेगळाच थर.

"इंजिन बिघडूक नाय, पेट्रोल बदलला."

खरंय. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं. ते ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि जेट, म्हणजे वाटीतलं पेट्रोल ओढणारं बारीक छिद्र, खेचतो तळातूनच. जुन्या रबरी नळ्या फुगतात ते वेगळंच.

गाडी बंद पडली तर ढकलता येते. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी मशीन बंद पडलं तर? छोट्या होडीवाल्यांचा विचार कुणी केला का?

पावसाळ्याआधी तुम्ही टाकी पूर्ण रिकामी करता ना?